आधी कात्री, मग वय : यू, यूए आणि ए या शिक्क्यांमागचा इतिहास

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर झळकणाऱ्या प्रमाणपत्रावर आता नुसतं ‘यूए’ नसतं. यूए ७+, यूए १३+ किंवा यूए १६+ असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा चित्रपट. हे आकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीतून आले. आपल्याकडे चित्रपटांची तपासणी मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीपासून चालू आहे, आणि पहिली तीस वर्षं तरी तिच्यात प्रेक्षकाच्या वयाला काडीचंही स्थान नव्हतं.

१९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे मंडळं सुरू झाली. कारभार पोलीस आयुक्तांकडे. प्रश्न एकच : चित्रपट दाखवू द्यायचा की नाही? गंमत अशी की इंग्लंडमधल्या मंडळाने १९१३ पासूनच ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग केले होते. मुंबईच्या मंडळाने तिकडून काय दाखवू नये याची यादी उचलली, वर्ग मात्र उचलले नाहीत. राज्यकर्त्यांना इथल्या मुलांची नव्हे, मोठ्यांची धास्ती होती. ‘प्रभात’च्या ‘स्वराज्याचे तोरण’ला नाव बदलून ‘उदयकाल’ व्हावं लागलं. १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला, कारण ‘महात्मा’ म्हटलं की लोकांना गांधी आठवणार. यात वयाचा संबंध कुठेच नाही.

वय आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या दुरुस्तीने ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी, असे दोन वर्ग केले. १९५१ मध्ये प्रांतोप्रांतीची मंडळं मोडून मुंबईत मध्यवर्ती मंडळ आलं आणि १९५२ चा कायदा झाला. तोच, डागडुजी करत, आजही चालू आहे. या मांडणीतली मेख तेव्हापासूनचीच. वयाचा शिक्का आला म्हणून कात्री गेली नाही. एकाच समितीच्या हाती दोन्ही राहिलं.

शिक्क्यावरूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं पहिलं मोठं भांडण ख्वाजा अहमद अब्बास यांचं. चार महानगरांमधली श्रीमंती आणि गरिबी शेजारी ठेवणारा त्यांचा छोटा माहितीपट होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. मंडळाने ‘ए’ दिलं. अपिलात सरकार म्हणालं, ती दृश्यं काढा, ‘यू’ देतो. खटला चालू असताना सरकारने माघार घेऊन न कापता ‘यू’ देऊ केलं, पण अब्बासांना मूळ तत्त्वावर निकाल हवा होता. तो २४ सप्टेंबर १९७० ला लागला आणि पूर्वपरीक्षण, म्हणजे चित्रपट दाखवण्याआधीच तपासणं, घटनेत बसतं असं ठरलं. चित्रपट भावनांना इतर कलांपेक्षा जास्त भिडतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक चालेल, हे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचं म्हणणं पुढच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात उद्धृत होत राहिलं. ठरावीक मुदत आणि सरकारबाहेरचं अपील हवं, हेही त्याच खटल्यातून पुढे आलं.

१९८३ मध्ये मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं. लोकांच्या तोंडी अजून सेन्सॉरच आहे, आणि ते फारसं चुकीचंही नाही. त्याच वेळी ‘यूए’ (१२ वर्षांखालच्यांसाठी पालकांचं मार्गदर्शन), डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठी ‘एस’ आणि अपिलासाठी न्यायाधिकरण आलं. ते न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं. आता थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, म्हणजे छोट्या निर्मात्याच्या दृष्टीने अपील जवळजवळ संपलंच.

१९८३ च्या नियमांनी घालून दिलेली पद्धत साधारण अशी. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी सल्लागार पॅनेलमधले चार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी एकत्र बसतात. थिएटर सोडण्याआधी प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं : कोणता वर्ग, कोणते कट, कोणत्या मार्गदर्शक तत्त्वाखाली. निकाल बहुमताने. अर्जदाराला तो मान्य नसेल, किंवा अध्यक्षांना वाटलं, तर मोठी पुनरीक्षण समिती पुन्हा पाहते. कट मान्य केले की ते करून दाखवायचे. त्यांची यादी प्रमाणपत्रावर चढते आणि समोरच्या बाजूला त्रिकोण उमटतो. पडद्यावर तो त्रिकोण दिसला की समजावं, काहीतरी गेलंय. डब केलेल्या आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला बदलही मंडळाला कळवावा लागतो. नाहीतर पडद्यावरचा चित्रपट हा प्रमाणित चित्रपटच ठरत नाही.

बिघडतं ते वर्ग आणि कट यांच्या सौद्यात. ‘ए’ मिळालं की कुटुंबाचा प्रेक्षक जातो, आणि टीव्हीवर तो चित्रपट तसाच दाखवता येत नाही. त्यासाठी पुन्हा वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मग निर्माताच विचारतो, काय काढलं तर ‘यूए’ मिळेल? हा सौदा निदान समजतो तरी. समजत नाही ते ‘ए’ देऊन वर कट मागणं. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’चं तेच झालं. प्रेक्षक प्रौढच असणार होते, तरी पुनरीक्षण समितीने तेरा बदल सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने एक कट आणि सुधारित सूचना (डिस्क्लेमर) एवढ्यावर ‘ए’ द्यायला लावलं. त्याच वर्षी श्याम बेनेगल समितीने मंडळाने फक्त वर्ग ठरवावा असं सुचवलं आणि ‘यूए’चे १२+ व १५+ असे भाग करायला सांगितलं.

पायऱ्या प्रत्यक्षात आल्या त्या आधी ओटीटीवर. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ७+, १३+, १६+ ही विभागणी केली. तिथे वर्ग प्रकाशक स्वतः ठरवतो, कात्री लावणारं मंडळ नाही. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमाघरांसाठी तेच आकडे घेतले. कट सुचवण्याचा अधिकार होता तिथेच राहिला. पूर्वी दहा वर्षांनी संपणारं प्रमाणपत्र मात्र आता कायमचं झालं, आणि २०२४ च्या नियमांनी समित्यांमध्ये किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं सांगितलं.

दारावर मात्र या आकड्यांचा फारसा उपयोग नाही. ‘ए’ चित्रपटाला १८ खालच्याला आत सोडलं तर थिएटरवाला गुन्हेगार ठरतो. अपवाद पालकांसोबतच्या तीन वर्षांखालच्या मुलाचा. ‘यूए १६+’ला चौदा वर्षांचा मुलगा एकटा आला, तर त्याला अडवायचा अधिकार तिकीट तपासणाऱ्याला नाही. ‘यूए’पुढची ही वयाची सूचना पालकांखेरीज कोणीही अंमलात आणू शकत नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं आहे.