न जन्मलेले ४४ कोटी

जून २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागानं जगाच्या लोकसंख्येचे नवे अंदाज जाहीर केले. त्यात नायजेरियासमोर २१०० सालासाठी आकडा होता ९१.४ कोटी. जुलै २०२४ मध्ये त्याच विभागानं पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा त्याच देशासमोर, त्याच सालासाठी आकडा आला ४७.७ कोटी. अकरा वर्षांत जवळजवळ ४४ कोटी माणसं कागदावरून उतरली. त्यातलं कोणी मेलं नाही, कारण कोणी जन्मलंच नव्हतं.

ही घसरण सरळ रेषेतही झाली नाही. २०१५ ला आकडा ७५.२ कोटी झाला, २०१७ ला पुन्हा चढून ७९.४ कोटी, २०१९ ला ७३.३ कोटी, २०२२ ला एकदम ५४.६ कोटी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये वेगळ्या पद्धतीनं गणित केलं आणि त्यांना ७९.१ कोटी मिळाले. शेअर बाजाराचा आलेख वाटावा असा हा प्रकार. तज्ज्ञांना हसण्याआधी मात्र हा आकडा कशावर उभा असतो ते बघायला हवं.

तो उभा असतो एका चिमुकल्या टक्क्यावर. आज नायजेरियाची लोकसंख्या सुमारे २३ कोटी मानली जाते आणि ती वर्षाला साधारण २.१ टक्क्यांनी वाढते. बँकेत कोणी २.१ टक्के व्याज देऊ केलं तर आपण पासबुक घेऊन उठून जाऊ. पण ही चक्रवाढ आहे. सत्तरला दरानं भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं: २.१ टक्क्यांना ३३ वर्षं, ३.२ टक्क्यांना फक्त २२. आजचा दर तसाच शतकअखेरपर्यंत टिकला तर नायजेरियाचे ११३ कोटी होतील. तोच सरासरी १ टक्क्यावर आला तर जेमतेम ५० कोटी. २०१३ च्या अंदाजात शतकाच्या शेवटापर्यंत सरासरी १.९ टक्के वाढ गृहीत होती, २०२४ च्या अंदाजात ती ०.९ टक्के आहे. एवढाच फरक. एका टक्क्याच्या फटीतून ४४ कोटी माणसं निसटली.

मग हा दर येतो कुठून? सोपं उत्तर असं की एक जनगणना घ्या, दुसरी घ्या, वजाबाकी करा आणि मधल्या वर्षांनी हिशोब लावा. भारतासारख्या देशात हे इतकी दशकं चाललं की आपल्याला ते नैसर्गिक वाटतं. नायजेरियात हीच वजाबाकी करून बघू.

इंग्रजांच्या काळातली शेवटची शिरगणती १९५२-५३ मध्ये झाली, तीही देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या महिन्यांत. आकडा निघाला ३.०४ कोटी. गोरा साहेब माणसं मोजतो तो डोईपट्टी लावण्यासाठीच, हा लोकांचा अनुभव. त्यामुळे बरेच जण मोजणाऱ्यापासून लांब राहिले. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि अर्थ उलटला. संसदेत कुठल्या प्रांताच्या किती जागा आणि सरकारी तिजोरीतला वाटा किती, हे आता डोक्यांवर ठरणार होतं. कराच्या भीतीनं लपलेली माणसं खासदारकीच्या आशेनं उगवू लागली.

१९६२ ची मोजणी या उगवणीतच बुडाली. सुरुवातीच्या आकड्यांत दक्षिणेची लोकसंख्या उत्तरेपेक्षा जास्त दिसली. फेरतपासणीत उत्तरेला आणखी ८५ लाख माणसं सापडली. गदारोळ इतका झाला की सगळी मोजणीच रद्द करावी लागली. १९६३ मध्ये पुन्हा मोजलं, तर ५.५७ कोटी! दहा-अकरा वर्षांत तीन कोटींचे साडेपाच कोटी, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. लोक बाहेरून आले नसतील तर एवढ्या वाढीसाठी दर हजारी ५५ बाळं जन्मावी लागतात आणि त्याच हजारांतलं एकही माणूस मरता कामा नये. असा देश पृथ्वीवर नाही. तरीही हा आकडा सरकारदरबारी मान्य झाला आणि पुढची जवळपास तीस वर्षं त्यावरच कारभार चालला. १९७३ मध्ये आणखी एक मोजणी झाली, तिच्यात जवळजवळ ८ कोटी निघाले. १९७५ च्या लष्करी उठावानंतर आलेल्या सरकारनं तो आकडाच बाद केला.

यानंतर १९९१. धर्म आणि जमात हे दोन्ही प्रश्न प्रगणकांच्या अर्जातून मुद्दाम काढून टाकले होते. तोवर आंतरराष्ट्रीय संस्था नायजेरियाला ११ कोटींच्या वर धरून चालल्या होत्या. मोजले तर निघाले ८.९ कोटी. दोन-अडीच कोटी माणसं एका रात्रीत कमी झाली आणि जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांना आपले तक्ते पुन्हा लिहावे लागले.

आता वजाबाकी करा. १९५३ ते १९६३: वर्षाला साडेपाच टक्के. १९६३ ते १९९१: फक्त १.७ टक्के. १९९१ ते २००६, जेव्हा १४.०४ कोटी मोजले गेले: ३.२ टक्के. लोकसंख्या अशी उड्या मारत नसते. १.७ टक्क्यांचा काळ तर असा, की त्याच्या शेवटी, १९९० च्या पाहणीत, एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती.

घरात दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा असतात. एका वाढदिवसाला पोरगं चवड्यांवर उभं राहिलं, तर त्या वर्षी ते भलतंच वाढलेलं दिसतं आणि पुढच्या वर्षी वाढ खुंटल्यासारखी वाटते. १९६३ मध्ये नायजेरिया चवड्यांवर उभा होता, आणि एकटी उत्तर किंवा एकटी दक्षिण नव्हे, सगळेच. ती एक रेघ खोडा आणि १९५२-५३ वरून थेट १९९१ वर या. दर निघतो वर्षाला २.८ टक्के. लपलेल्यांचा विचार केला तर तो थोडा कमीच असणार, पण निदान माणसांच्या देशाचा वाटतो.

मला या सगळ्या कहाणीत सर्वात बोलका वाटतो तो २००६ चा प्रसंग. राष्ट्रीय मोजणीत उत्तरेतल्या कानो राज्याची लोकसंख्या ९४ लाख निघाली आणि लागोसची ९१ लाख. लागोस राज्याच्या सरकारनं त्याच वेळी स्वतःचीही मोजणी करून घेतली होती. तिचा निकाल होता १ कोटी ७५ लाख. एकच राज्य, एकच वर्ष आणि दोन सरकारी आकडे, एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. २०१३ मध्ये तर राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाचे अध्यक्षच म्हणाले की १८१६ पासून या देशात एकही विश्वासार्ह जनगणना झालेली नाही. त्या वर्षाअखेरीस ते पदावर नव्हते. आपण यावर फार नाकं मुरडू नयेत. लोकसंख्येवरून राज्याराज्यांत भांडणं नकोत म्हणून आपणही लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७६ पासून गोठवून ठेवली आहे, १९७१ च्या आकड्यांवर.

जनगणनेवर भरवसा नसेल तर दुसरी वाट असते: दर उलट बाजूनं काढायचा. देशातली सगळी माणसं मोजायची नाहीत. काही हजार घरं शास्त्रशुद्ध पद्धतीनं निवडायची आणि तिथल्या बायकांना विचारायचं, तुम्हाला किती मुलं झाली, कधी झाली, किती जगली. उत्तर फुगवून इथं कोणाला खासदार मिळत नाही, त्यामुळे लोक बऱ्यापैकी खरं सांगतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या कुळातल्याच या पाहण्या. जन्म वजा मृत्यू, की झाली वाढ. स्थलांतर नायजेरियाच्या गणितात किरकोळ आहे. तिथले शिकलेले तरुण मोठ्या संख्येनं लंडन-टोरोंटोची वाट धरतात आणि त्याला 'जापा' असा योरुबा भाषेतला खास शब्दही रुळलाय, पण वर्षाकाठी ४८-४९ लाखांची भर पडणाऱ्या देशात त्यानं टक्का हलत नाही.

आजचा हिशोब साधारण असा: हजार माणसांमागे ३३ जन्म, १२ मृत्यू, वाढ २१, म्हणजेच २.१ टक्के. नायजेरियात एका वर्षात जन्मणारी बाळं अख्ख्या युरोप खंडात, रशिया धरून, जन्मणाऱ्या बाळांपेक्षा जास्त आहेत.

याच पद्धतीनं मागं जाऊन संयुक्त राष्ट्रांनी जो इतिहास जुळवलाय त्यात उड्या नाहीत. १९६० च्या सुमारास साडेचार कोटी लोक आणि दोन टक्क्यांच्या आसपास वाढ. पुढं लसी आल्या, तेलाचा पैसा आला, बाळं जगू लागली, पण जन्म कमी झाले नाहीत. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या शेवटी दर तीन टक्क्यांना भिडला. मग तो बराच काळ अडीच टक्क्यांच्या वरच रेंगाळला. १९८८ मध्ये लष्करी राजवटीनं लोकसंख्या धोरण आणलं आणि दर बाईमागे चार मुलं असं लक्ष्य ठेवलं. आपल्या 'हम दो, हमारे दो'च्या मानानं हे उदारच. पण टीका वेगळ्याच कारणानं झाली. जिथं एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असू शकतात, तिथं बाईला चारची मर्यादा आणि पुरुषाला काहीच नाही, हा कुठला न्याय?

जननदर हलला तो फार उशिरा. १९९० च्या पाहणीत सरासरी ६ मुलं, २००८ मध्ये ५.७, २०१८ मध्ये ५.३. अठ्ठावीस वर्षांत एक मूलसुद्धा पुरतं कमी झालं नाही. अंदाज बांधणाऱ्यांनी ही गोगलगाय पुढंही याच चालीनं चालेल असं धरलं आणि ९१ कोटी आले. मग २०२१ च्या एका पाहणीत एकदम ४.६ निघाले. पाचच वर्षांपूर्वी त्याच मालिकेतल्या पाहणीनं ५.८ सांगितले होते, त्यामुळे अनेकांनी भुवया उंचावल्या. २०२३-२४ च्या मोठ्या आरोग्य पाहणीत आले ४.८. उतार पहिल्यांदा वाटला तितका तीव्र नसेल, पण आहे. २१०० चा आकडा मुख्यतः इथं कापला गेला.

अर्थात 'नायजेरियातली बाई' अशी कोणी एक बाई नाही. २०१८ मध्ये उत्तरेतल्या कात्सिना राज्यात सरासरी ७.३ मुलं होती, तर लागोसमध्ये ३.४. न शिकलेल्या बायकांना ६.७ आणि माध्यमिकच्या पुढं शिकलेल्यांना ३.४. शाळेत टिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, उशिरा आई होते, हे आपण महाराष्ट्रातही पाहिलंय. पण तिथं आणखी एक गोष्ट आहे. त्याच पाहणीत बायकांना हवी असलेली मुलांची संख्याच सरासरी ६ च्या वर होती आणि पुरुषांना हवी होती ७ च्या वर. फक्त गोळ्या आणि कॉपर-टी पोचवून हा प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन आकडे पुन्हा वाचावेत. आधुनिक गर्भनिरोधक वापरणाऱ्या विवाहित बायका तेव्हा १२ टक्के होत्या.

मुलं जास्त का हवी, याचं एक उत्तर बालमृत्यूत आहे. १९९० मध्ये हजारांतली १९३ मुलं पाचव्या वाढदिवसाआधी जात होती. ताज्या पाहणीत हा आकडा ११० आहे. सुधारला, पण नऊतलं एक मूल अजूनही जातं. सरासरी आयुर्मान ५४-५५ च्या घरात आहे. म्हणजे मृत्यू घटायला भरपूर वाव आहे, आणि ते वेगानं घटले तर काही काळ वाढीचा दर उलट वर जाईल. 'दर खाली आला, बरं झालं' असं इथं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

शिवाय उद्या सकाळपासून प्रत्येक जोडप्यानं दोनच मुलं म्हटली तरी वाढ थांबणार नाही. देशातली निम्मी माणसं १८ वर्षांच्या आतबाहेर आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांतल्या आया आजच जन्मलेल्या आहेत, शाळेत जात आहेत. म्हणूनच २०५० चे अंदाज २१०० सारखे कोसळलेले नाहीत: २०१७ मध्ये ४१ कोटी सांगितले होते, आता ३६ कोटी. अमेरिकेला मागं टाकून नायजेरिया २०५० पर्यंत जगात तिसरा होईल, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. नव्या तक्त्यात तो पाचवा दिसतो.

मात्र या सगळ्या तक्त्यांचा पाया कुठल्यातरी एका दिवसाची माणसं हाच असतो, आणि तो अजून २००६ चाच आहे. त्या १४.०४ कोटींना वर्षाला २.५ टक्क्यांनी वाढवलं तर २०२४ मध्ये २१.९ कोटी होतात, ३.२ टक्क्यांनी वाढवलं तर २४.८ कोटी. मधल्या फरकात २०११ च्या मोजणीतल्या दोन मुंबया आरामात बसतात. काही संशोधक उपग्रहाच्या चित्रांतून छपरं मोजून हा फरक कमी करू बघतात. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या गटानं हे काम बरंच पुढं नेलंय. थोड्या वस्त्यांत घरोघरी जाऊन नेमकी डोकी मोजायची, तिथल्या छपरांशी त्यांचं प्रमाण काढायचं आणि ते बाकीच्या देशाला लावायचं. पोलिओच्या डोसांचं नियोजन करताना अशा नकाशांचा मोठा उपयोग झाला. पण छपरं मोजून लोकसभा भरत नाही, त्यामुळे राजकारण्यांना हा हिशोब चालत नाही.

खरी मोजणी मे २०२३ मध्ये होणार होती. देशाचे गट पाडून नकाशे झाले होते, प्रगणकांसाठी टॅब्लेट आले होते. सरकार बदलायला महिना उरला असताना, मोजणी तोंडावर आलेली असताना, ती पुढं ढकलली गेली. मार्च २००६ मध्ये प्रगणक शेवटचा दारात आला होता. आज नायजेरियात राहणाऱ्या निम्म्याहून अधिक माणसांचा जन्म त्यानंतरचा आहे.