‘ओपिनियन पोल’मधला मोठा ‘ओ’ : पार्श्वभूमी

देवनागरीत अक्षरांत मोठे-लहान असा भेद नाही. मराठी शाळेतून आलेल्या गोमंतकीयाला तो पहिल्यांदा भेटतो इंग्रजीच्या चार रेघांच्या वहीत, जिथे पहिल्या लिपीतला, म्हणजे मोठा, ‘ए’ वरची दोन घरे व्यापून उभा राहतो आणि दुसऱ्या लिपीतला, म्हणजे लहान, मधल्या एका घरात मावतो. वळण महिनाभरात बसते. कोणत्या शब्दाला मोठे अक्षर द्यायचे, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे पुरतो.

इंग्रजीलाही तो लवकर सुटला नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकांत साध्या नामांनाही सर्रास मोठे अक्षर दिले जाई. १७८७च्या अमेरिकी राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीत ते आजही पाहता येते. जर्मन भाषेने ही रीत राखली, डॅनिशने ती १९४८मध्ये सोडली आणि इंग्रजीत त्याच्या बऱ्याच आधी ती विशेषनामांपुरती आक्रसली होती. गोव्यात १९६१पर्यंत राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज होती. तिच्यात वार आणि भाषांची नावे लहान अक्षराने लिहितात, इंग्रजीत ती मोठ्या अक्षराने येतात. त्यामुळे एका भाषेत शिकून दुसरीत पत्रव्यवहार करू लागलेल्यांची लेखणी नेमकी इथेच अडखळणे स्वाभाविक होते.

खरा गुंता मात्र १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाचा आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर त्या दिवशी फूल आणि दोन पाने या चिन्हांवर मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. गोव्यातल्या इंग्रजीत ही घटना ‘ओपिनियन पोल’ अशी, मोठ्या ‘ओ’ने आणि मोठ्या ‘पी’ने लिहिण्याची रीत आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर येणारे मतअंदाज तेच दोन शब्द लहान अक्षरांत वापरतात. १९६६च्या कायद्याच्या नावात हे शब्द मोठ्या अक्षरांनी आहेत, असा दाखला दिला जातो. पण कायद्याच्या शीर्षकात ती अक्षरे शीर्षक म्हणूनच मोठी असतात, त्यावरून घटनेला विशेषनाम लाभल्याचे सिद्ध होत नाही. नाव रूढ झाले ते वापराने, आणि हा वापर मुख्यतः जिंकलेल्या बाजूचा होता. ‘मर्जर’ म्हणजे विलीनीकरण हा शब्द त्याच लेखनात बहुधा लहान ‘एम’नेच येतो, हे मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये. मराठीत आपण ‘जनमत कौल’ आणि ‘मतचाचणी’ असे दोन निराळे शब्द वापरतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला जाणवतच नाही.

‘दक्षिण गोवा’ या नावाचा निकाल त्यामानाने सोपा लागला. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि दोन जिल्हे झाले. तोवर दिशा सांगणारा ‘साउथ’ जिल्ह्याच्या नावाचा भाग झाला आणि मोठ्या ‘एस’चा हक्कदार ठरला. काणकोणच्या दक्षिणेचा प्रदेश सांगताना तोच शब्द अजूनही लहान लिहावा लागतो, आणि संपादकांची कात्री नेमकी तिथेच चुकते.

उलटा प्रवासही होतो. ‘इंटरनेट’चा मोठा ‘आय’ एका मोठ्या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१६मध्ये काढून टाकला, कारण ती गोष्ट एव्हाना वीज किंवा टेलिफोनइतकी रोजची झाली होती. जनमत कौलाच्या वाट्याला तसे रोजचेपण येण्याचा संभव नाही. ते मतदान एकदाच झाले.