जपानी ठसाचित्रांतील तीर्थयात्रा

जपानच्या एदो काळात (१६०३–१८६८) लाकडी ठशांवरून छापलेल्या ‘उकियो-ए’ चित्रांपैकी तीर्थस्थाने, तेथील वाटा आणि यात्रेकरू रंगवणाऱ्या चित्रांचा हा वर्ग होय. त्या काळच्या तोकुगावा राजवटीत सामान्य माणसाच्या प्रवासावर परवान्यांची आणि नाक्यांवरील तपासणीची बंधने होती. देवदर्शनाचे कारण मात्र सहसा मान्य होई. त्यामुळे इसेचे मंदिर, फुजी व ओयामा हे पर्वत, एनोशिमा बेट अशा ठिकाणी जथेच्या जथे निघत आणि चित्रांनाही गिऱ्हाईक मिळे. चित्रकाराचे रेखाटन कोरक्या चेरीच्या फळीवर उतरवी, छपाईकार रंगागणिक वेगळा ठसा वापरून ते कागदावर उठवी आणि खर्च प्रकाशक करी.

यांतील नामांकित चित्रांत देवापेक्षा वाटच जास्त दिसते. चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो (एदो ते क्योतो हा हमरस्ता) मालिकेतील (सु. १८३३–३४) नुमाझू मुक्कामाच्या चित्रात झाडांवर पूर्ण चंद्र आला आहे, तिघे प्रवासी आपल्याकडे पाठ करून गावाकडे निघाले आहेत आणि पांढऱ्या कपड्यांतल्या एकाच्या पाठीवरचा ‘तेंगू’ या डोंगरी पिशाच्चाचा लांब नाकाचा लाल मुखवटा तेवढा आपल्याकडे पाहतो आहे. हा गृहस्थ कोम्पिरा या दर्यावर्दींच्या रक्षक देवाचा यात्रेकरू. (कोम्पिरा हे नाव संस्कृत ‘कुंभीर’, म्हणजे मगर, यावरून आले, एनोशिमाची देवी बेन्झाइतेन तर मूळची सरस्वतीच.)

होकुसाईच्या फुजीवरील ‘छत्तीस’ चित्रांची मालिका वाढत ४६ वर गेली. त्यांतील एकाच चित्रात पर्वताचा ओळखीचा आकार नाही, कारण तेथे आपण पर्वतावरच असतो: काठ्या टेकीत चढणारे भाविक, आणि वर एका कपारीत अंग चोरून दाटीने बसलेला घोळका.

इसेच्या यात्रेला १७०५, १७७१ आणि १८३० साली उधाण आले. नोकरचाकर आणि मुलेही घरी न सांगता निघत. हातात लांब दांड्याची लाकडी पळी असे, तिच्यात वाटेवरचे लोक भिक्षा घालत. हिरोशिगेच्या १८५५ मधील तीनपानी चित्रात मियागावा नदी उतरणाऱ्या गर्दीत एक कुत्राही आहे. ज्याला जाणे जमत नसे तो कधी आपल्या वतीने कुत्र्याला धाडी, आणि लोक त्याला खाऊ घालून पुढे लावून देत.

‘कान्नोन’च्या, म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या, १०० देवस्थानांवरील मालिकेत (१८५८–५९) मात्र वाट मागे पडते: वरच्या पट्टीत ‘दुसरा हिरोशिगे’ म्हणवणाऱ्या हिरोशिगेच्या शिष्याने देवस्थान रंगवले आहे, तर खालची मोठी जागा चित्रकार कुनिसादाने चमत्कारकथांना दिली आहे.