कडुनिंब की बकाण? रोप घेण्याआधी पान बघा

खान्देशात घरापुढे, शाळेच्या आवारात किंवा कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये एकच झाड लावायचं असेल, तर मी बिनदिक्कत कडुनिंब सांगेन. पण रोपवाटिकेतून 'निंब' म्हणून घरी येणारं प्रत्येक रोप कडुनिंबाचंच असतं असं नाही. त्यात बकाण, म्हणजे बकाणनिंब, सहज मिसळून जातो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोन्हींचा पाला लांबून सारखा, दोन्ही कडू. झाड फुलायला लागलं की उलगडा होतो, पण तोवर मधली काही वर्षं गेलेली असतात आणि झाड तोडायला हात धजावत नाही.

ओळख पानातच आहे, फक्त पान कुठून धरायचं ते माहीत हवं. आपण ज्याला निंबाचं एक पान म्हणतो ती खरं तर पर्णिका. लांब देठ फांदीला जिथं चिकटतो तिथं बेचक्यात बारीकसा डोळा असतो. त्या डोळ्यापासून देठाच्या टोकापर्यंत सगळं मिळून एक पान. रोपाच्या वरच्या भागातलं असं एक अख्खं पान हातावर ठेवा. कडुनिंबात मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी थेट पर्णिका लागलेल्या दिसतील. बकाणात मधल्या देठाला आधी उपदेठ फुटतात आणि पर्णिका त्या उपदेठांवर असतात, म्हणून त्याचं पान जास्त पसरट, झिरमिळ्या सोडल्यासारखं दिसतं. मग एक पर्णिका तोडून पाहा. कडुनिंबाची पर्णिका विळ्यासारखी वाकलेली, कडा दातेरी आणि बुडाशी दोन्ही बाजू असमान असतात, एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. बकाणाची पर्णिका आखूड असते आणि इतकी वाकडी नसते. अगदी वीतभर रोपात हा फरक पुसट असतो, तेव्हा गुडघ्याएवढं झालेलं रोपच निवडा. चावून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नका. कडू दोन्ही लागतात, आणि बकाण तोंडात घालण्याजोगा नाही.

फुलोऱ्यात आलेल्या झाडाबद्दल शंकाच उरत नाही. पाडव्याच्या आसपास कडुनिंबाला पांढरी, बारीक, मधाच्या वासाची फुलं येतात; बकाणाची फुलं फिकट जांभळी आणि मधोमध गर्द जांभळी नळी. दिसायला बकाण जास्त देखणा, हे मान्य. निंबोळी लांबट असते, उन्हाळ्याच्या शेवटी पिवळी होते आणि गळून जाते. बकाणाची फळं गोल, घोसांनी लागतात आणि हिवाळ्यात सगळा पाला झडला तरी निष्पर्ण फांद्यांवर सुरकुतून लोंबत राहतात. डिसेंबर-जानेवारीत असं झाड दिसलं तर तो बकाणच समजा.

आता ही फळं हाच माझा मुख्य आक्षेप आहे. बकाणाचं फळ माणसाला विषारी आहे. लहान मुलानं खाल्लं तर उलट्या, जुलाब आणि त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो; गुराढोरांनी जास्त खाल्लं तर त्यांनाही बाधतं. ज्या आवारात मुलं खेळतात, जिथं शेळ्या बांधलेल्या असतात, तिथं हे झाड नकोच. शिवाय पाडव्याला आपण निंबाचा कोवळा पाला आणि फुलं, गूळ-हिंग-ओवा-जिरं घालून वाटून खातो. दारातलं झाड निंबच आहे या समजुतीवर बकाणाचा पाला पाट्यावर गेला तर काय, हा प्रश्न प्रत्येक घरानं एकदा स्वतःला विचारावा.

मग लोक बकाण का लावतात? कारण तो झपाट्यानं वाढतो. दोन पावसाळ्यांत डोक्यावर जातो, जांभळा फुलतो, नव्या बागेला लगेच भरलेपण येतं. पण या वाढीची किंमत लाकडाला मोजावी लागते, फांद्या ठिसूळ राहतात. मे अखेरीस, जूनच्या तोंडावर रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ आपण दरवर्षी बघतो. त्या वाऱ्यात बकाणाची फांदी गाडीवर किंवा विजेच्या तारेवर यायला वेळ लागत नाही. त्याचं आयुष्यही तुलनेनं कमी. कडुनिंब सुरुवातीला अंत पाहतो, पण एकदा मूळ खोल गेलं की पुढच्या पिढ्यांनाही सावली देतो. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो तेव्हा बागेतली हौसेची विदेशी झाडं माना टाकतात आणि निंब नुकत्याच फुटलेल्या पालवीनं गच्च असतो.

पाखरांचंही तेच. निंबोळ्या पिकल्या की बुलबुल, साळुंक्या, कावळे झाड सोडत नाहीत, रात्री वटवाघळं येतात. उरलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवल्या तर कापसाच्या फवारणीला कामी येतात. 5 किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी केलं की 5 टक्के निंबोळी अर्क तयार. कपाशीच्या मुलखात घरच्या झाडाकडून मिळणारी ही गोष्ट थोडी नाही. बकाणाची फळंही काही पक्षी खातात आणि त्याच्या पाच-सहा कंगोऱ्यांच्या आठळ्यांच्या माळा करतात, कारण मधोमध भोक आयतंच असतं. वस्तीपासून दूर, गुरं फिरकत नाहीत अशा जागी तो असायला माझी हरकत नाही.

कडुनिंबाला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. काळ्या चिकण मातीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळा आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंचवट्यावर लावा. भिंतीपासून वीस फूट तरी सोडा. पहिले दोन उन्हाळे ठिबक किंवा बुडाशी मडकं, पुढे पाणी विचारावंही लागत नाही. पिशवीत वर्षानुवर्षं राहून मुळांची गुंडाळी झालेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

सगळ्यात खात्रीचं रोप घरचंच. ओळखीच्या जुन्या निंबाखालून जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या वेचा, गर धुऊन टाका आणि सावलीत जेमतेम सुकवून त्याच आठवड्यात पिशव्यांत लावा. पुढच्या वर्षासाठी डब्यात जपून ठेवायच्या भानगडीत पडू नका; निंबाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते.