सुक्या कचऱ्यातील भेसळ व तिचे निवारण

घरातून पुनर्चक्रणासाठी बाहेर पडणाऱ्या कागद, प्लॅस्टिक, काच, धातू इ. मालात खरकटे, ओल, तेल, माती किंवा विजातीय पदार्थ मिसळून तो कमी प्रतीचा अथवा निरुपयोगी होणे, यास सुक्या कचऱ्यातील भेसळ म्हणता येईल. तिचे निवारण मुख्यतः घरातच होते. घंटागाडीत ओले-सुके एकत्र दाबले गेले की पुढची निवड खर्चिक ठरते. कागद तर बहुतेक वाया जातो.

सुका माल घरातच वेगळा व कोरडा ठेवण्याच्या शिस्तीचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काहीजण तो कायद्यात पाहतात. नागरी घनकचऱ्याविषयीचे २००० चे नियम मागे पडून ८ एप्रिल २०१६ रोजी नवे नियम आले व त्यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तिहेरी वर्गीकरण घरावर सोपविले. २०२६ च्या नियमांनी त्याचे चार वर्ग केले (ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा). दुसरे मत रद्दी-भंगाराच्या जुन्या व्यवहाराकडे बोट दाखविते, व त्यातील काहीजण बोहारणीपर्यंत मागे जातात. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई. पण तो कपड्यांचा पुनर्वापर होता, तेव्हा तिला येथे पूर्वज ठरविणे ओढूनताणून वाटते. रद्दीचा व्यवहार मात्र जवळचा आहे. घरोघरी वर्तमानपत्रे येऊ लागल्यावर, बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तो शहरांतून रुळला असावा. रद्दीवाला गठ्ठा उचलूनच ओल ओळखतो, भिजलेला कागद बाजूला काढतो किंवा भाव पाडतो. वजन वाढावे म्हणून मधल्या घड्या ओलसर करणारी गिऱ्हाइकेही त्याच्या परिचयाची असतात. भेसळीचा भुर्दंड असा दारातच बसतो. घंटागाडीत टाकलेल्या मालाला भाव नाही, आणि नगरपालिकांच्या उपविधींतील (स्थानिक नियमांतील) दंड क्वचितच वसूल होतो. त्यामुळेच एकाच घरातून रद्दी कोरडी व दोरीने बांधून जाते, तर भडंगाचे तेलकट पाकीट, चहाचा चोथा आणि औषधाची बाटली एका पिशवीत जातात. हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते.

प्लॅस्टिकमधील सर्वांत त्रासदायक भेसळ डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या पीईटी (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट) या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांचे तुकडे पाण्यात टाकले की झाकणांचे पॉलिप्रोपिलीन वा एचडीपीई (जाड पॉलिएथिलीन) तरंगते (घनता पाण्याच्या, म्हणजे १ च्या, खाली) व पीईटी तळाशी बसते. म्हणून झाकण राहिले तरी फारसे बिघडत नाही. पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकची घनता मात्र पीईटीइतकीच, सुमारे १.३५ ते १.४५, असल्याने तेही तळाशी जाते. पीईटी वितळण्यास सुमारे २५०–२६० अंश सेल्सिअस तापमान लागते. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडते. हे अम्लधर्मी द्रव्य पीईटीच्या दीर्घ रेणुशृंखला तोडते, माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्यात काळे कण येतात. दशलक्ष भागांत शंभराहून कमी भाग पीव्हीसीही यास पुरते. घरात पीव्हीसी येते ते गोळ्यांच्या स्ट्रिप, काही बाटल्यांवरची आवळलेली वेष्टने आणि नळाचे तुकडे यांतून. ही बाटल्यांच्या पिशवीत न टाकणे हा झाकण काढण्यापेक्षा कितीतरी मोलाचा उपाय होय.

कागदाचा शत्रू तेल. लगदा पाण्यात होतो, तेल त्यात विरघळत नाही व तंतूंची परस्पर पकड सैल पडते. कंदी पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुपकट तळ फाडून ओल्या कचऱ्यात आणि कोरडे झाकण रद्दीत, अशी विभागणी पुरते. भडंगाचे पाकीट अनेक थरांचे असते. ते धुतले तरी भंगारवाला घेत नाही, बहुधा इंधन म्हणून सिमेंट भट्टीतच जाते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लोंबता ठेवावा. सुटा तुकडा निवडीत हाती लागत नाही. उरलेली पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यात खंगाळून दोरीवर वाळविली म्हणजे झाले.

देशपातळीवरील स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत कराड (२०२०), विटा (२०२१) व पाचगणी (२०२२) ही प्रथम आली. तिन्ही सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील. अर्थात हे गुणांकन शहराच्या एकूण स्वच्छतेचे असते, मालाच्या शुद्धतेचे नव्हे. कृष्णेच्या पुरात (२०१९, २०२१) सांगलीत घराघरांतील सामान गाळाने माखले, आणि अशा गाळाच्या कागद-पुठ्ठ्याला प्रक्रियेच्या दृष्टीने किंमत उरत नाही.

सांगली जिल्ह्यातील द्राक्षपट्ट्यात, म्हणजे तासगाव व आसपास, आणखी एक भेसळ संभवते. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे बरेचदा एचडीपीईचे असतात, रंगारूपाने घरगुती डब्यांसारखेच दिसतात, आणि भंगाराच्या गाड्यावर एकाच पोत्यात शिरू शकतात. कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ४४ प्रमाणे वापरलेली वेष्टने उघड्यावर पडून राहू देऊ नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. शिफारस अशी की डबा तीनदा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि तळाला भोक पाडावे, म्हणजे त्यात पुन्हा तेल वा धान्य कोणी भरणार नाही.