बँकेच्या पॅनेलवरचा सॉलिसिटर आणि एजंटने सुचवलेला सॉलिसिटर

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घरासाठी दिलेली ऑफर विकणाऱ्याने मान्य केली की बहुतेक वेळा इस्टेट एजंटचा पहिला प्रश्न सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) ठरला का, हा असतो. ठरला नसेल तर ‘आमच्या पॅनेलवरची, म्हणजे आम्ही निवडलेल्या यादीतली, एक चांगली फर्म आहे’ असे सांगून तो लगेच कोटेशन पाठवतो. त्याच सुमारास मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, देणारी बँकही सांगते की सॉलिसिटर आमच्या पॅनेलवरचा हवा. नव्याने घर घेणारा माणूस ही दोन्ही वाक्ये जोडतो आणि एजंटची फर्म घेतली म्हणजे बँकेची अट पुरी झाली, असे धरून चालतो. प्रत्यक्षात ही पॅनेले वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी केलेली असतात. एका पॅनेलवर असलेली फर्म दुसऱ्यावर असेलच असे नाही.

बँकेचे पॅनेल आधी समजून घ्यावे, कारण त्याच्यावर कर्जाची रक्कम हाती पडणे अवलंबून आहे. तिकडच्या पद्धतीत साध्या घरखरेदीत एकच सॉलिसिटर बहुधा दोन अशिलांचे काम करतो: घर घेणाऱ्याचे आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचे. मालकीहक्क निर्वेध आहे, घर तारण म्हणून योग्य आहे, असा दाखला तोच बँकेला देतो. त्या दाखल्यावर विसंबून बँक लाखो पौंड त्या फर्मच्या अशील-खात्यात पाठवते. आणि कम्प्लीशननंतर, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात आल्यावर, घरावरचा बोजा लँड रजिस्ट्रीत नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच असते. एवढा पैसा ज्याच्या खात्यात जाणार तो माणूस बँकेने आधी पारखून घ्यावा, हे ओघानेच आले. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचा किंवा लायसन्स्ड कन्व्हेअन्सरांच्या (फक्त मालमत्ता हस्तांतराचे काम करणाऱ्या परवानाधारकांच्या) कौन्सिलचा परवाना ही वकिली करण्याची परवानगी आहे; पॅनेलवर असणे ही त्या विशिष्ट बँकेने आपल्यापुरती दिलेली वेगळी परवानगी आहे. अनेक बँका सॉलिसिटर फर्मकडे सॉलिसिटरांची संघटना असलेल्या लॉ सोसायटीच्या कन्व्हेअन्सिंग क्वालिटी स्कीमची (घरखरेदीच्या कामाच्या दर्जाच्या योजनेची) मान्यता मागतात, काही जणी एकट्याने फर्म चालवणाऱ्याला घेत नाहीत, तर काही छोट्या कर्जसंस्था मोजक्याच फर्मशी काम करतात. ही निवड किती कडक होऊ शकते हे 2012 च्या जानेवारीत दिसले. एचएसबीसीने तेव्हा आपले पॅनेल 43 फर्मपुरते आणले आणि वकिलांच्या वर्तुळात मोठी ओरड झाली. पुढे बँकेने ते पुन्हा खुले केले.

महाराष्ट्रात गृहकर्ज घेतलेल्यांच्या मनात पॅनेलवरच्या वकिलाचे चित्र वेगळे असते. आपल्याकडे बँकेचा पॅनेल अॅडव्होकेट सर्च रिपोर्ट तयार करतो तो बँकेच्या फाइलसाठी. त्याची फी कर्जदार भरतो, पण वकील बँकेचा असतो, आणि शहाणा खरेदीदार आपला वकील वेगळा करतो. इथे दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी सरकार देत नाही, म्हणून जुने दस्त उलटत तीस वर्षे मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या मालकीला सरकारी हमी असते आणि पॅनेलवरचा सॉलिसिटर खरोखर तुमचाही वकील असतो. ‘बँकेचा माणूस नको, आपला नेमू’ हा इथला सावधपणा तिथे उलटा पडतो.

अर्थात एकाच वकिलाने दोघांचे काम करण्याची किंमत असतेच. कर्ज देणाऱ्या बँकांच्या वतीने काम करताना पाळायचे नियम यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या मॉर्गेज लेंडर्स हँडबुकमध्ये आहेत: पहिला भाग सर्वांना सारखा, दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेची स्वतःची उत्तरे. विकणाऱ्याने घर घेऊन सहा महिने झालेले नसतील किंवा खरेदीदाराचा वाटा त्याच्या स्वतःच्या पैशातून येत नसेल, तर सॉलिसिटरने ते बँकेला कळवायचे असते. समजा, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये फ्लॅट घेणाऱ्या जोडप्याला मुलीचे आईवडील पुण्याहून डिपॉझिटसाठी पैसे पाठवत आहेत. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यामुळे पैसे निघण्यात सहसा अडचण नसते. अडचण ते पोहोचल्यावर सुरू होते. सॉलिसिटर आईवडिलांची ओळखपत्रे मागतो, त्यांच्या बँकेचे स्टेटमेंट मागतो, आणि ही रक्कम भेट आहे, परत घेणार नाही, घरात हिस्सा मागणार नाही, असे पत्र त्यांच्या सहीने मागतो. आपल्या घरात मुलीला दिलेल्या पैशाचे पत्र कोण लिहिते, असे म्हणून वडील रागावतात; पण पत्राशिवाय फाइल हलत नाही. ‘हे बँकेला सांगू नका’ असे सांगून उपयोग नाही. कळवायला अशिलाने संमती दिली नाही तर हितसंबंधांचा संघर्ष उभा राहतो, आणि सॉलिसिटरला बँकेचे कागद परत करून त्या कामातून बाहेर पडावे लागते. म्हणून अशी भेट येणार असेल तर ती कर्जाच्या अर्जाच्या वेळीच ब्रोकरला, म्हणजे कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला, सांगून टाकावी.

आता एजंटचे पॅनेल. ते मुळात व्यापारी नाते आहे. एजंट ग्राहक पाठवतो आणि फर्म किंवा मधली कंपनी त्याला त्याबद्दल रेफरल फी देते, जी कित्येकदा काहीशे पौंडांची असते. यात बेकायदा काही नाही, मात्र ती फी एजंटनेही उघड करायची असते आणि सॉलिसिटरनेही. त्याची फर्म घेतली नाही म्हणून तुमची ऑफर विकणाऱ्यापर्यंत न पोहोचवणे किंवा तुम्हाला डावलणे एजंटला चालत नाही. त्याने सुचवलेली फर्म वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. काही फर्म ऑनलाइन चांगले काम करतात. पण शेकडो फायली एकाच वेळी चालवणाऱ्या कार्यालयात तुमची फाइल नेमकी कोणाकडे आहे हे कळायलाच आठवडा लागतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ब्रोकर फर्म सुचवतो तेव्हाही हेच लागू पडते; फरक एवढाच की कर्ज कोणत्या बँकेचे आहे हे त्याला माहीत असल्यामुळे त्याने सुचवलेली फर्म बँकेच्या पॅनेलवर असण्याची शक्यता जास्त असते.

तुम्ही नेमलेली फर्म बँकेच्या पॅनेलवर नसली तरी काही बँका व्यवहार अडवत नाहीत. आपल्यापुरता वेगळा पॅनेल सॉलिसिटर नेमतात. त्याची फी तुम्हीच भरायची, आणि तीही बहुधा काहीशे पौंड होते. पैशापेक्षा वेळ अधिक जातो, कारण तुमच्या वकिलाने तपासलेले कागद बँकेचा वकील पुन्हा तपासतो आणि त्याच्या शंका तुमच्या वकिलामार्फत विकणाऱ्याच्या वकिलाकडे जातात. ओळखीचा, घरच्यांचे काम केलेला सॉलिसिटर सोडवत नाही म्हणून हा मार्ग धरणारे लोक आहेत, पण मॉर्गेज ऑफरची मुदत ठरावीक असते हे त्यांनी लक्षात ठेवावे.

म्हणून आधी बँक ठरू द्यावी आणि मगच फर्मला पैसे द्यावेत. काही बँकांच्या संकेतस्थळावर फर्म शोधण्याची सोय असते, नाहीतर बँकेला किंवा ब्रोकरला विचारावे; मात्र विचारताना फर्मचे नुसते नाव सांगू नये, तिचा नियामकाकडचा क्रमांक आणि तुमचे काम करणाऱ्या शाखेचा पोस्टकोडही द्यावा, कारण सारख्या नावाच्या फर्म असतात. उंच इमारतीतला लीजहोल्ड (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट असेल तर आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानंतर पॅनेलवर असूनही काही फर्म अशा इमारतींचे काम घेत नाहीत.

बँकेच्या व्हॅल्युअरने घराची किंमत कमी धरली आणि ब्रोकरने अर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवला, तर पॅनेलची चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. तुमची फर्म नव्या पॅनेलवर नसल्यामुळे तुम्ही स्वतः सॉलिसिटर बदललात, तर ‘व्यवहार फसला तर फी नाही’ ही काही फर्म देतात ती सवलत बहुतेक करारपत्रांत लागू होत नाही आणि झालेल्या कामाचे बिल येते. ते कलम सही करण्याआधी शोधून वाचावे आणि बँक बदलल्यास काय होईल, ते फर्मकडून लेखी घ्यावे.