टाकीतला गंज ऑक्सिजन खातो तेव्हा

४ मार्च जवळ आला की गोव्यात वेर्णे, कुंडई, डिचोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फाटकाफाटकांवर सुरक्षा सप्ताहाचे फलक लागतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली, म्हणून हा मुहूर्त. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, चहा-सामोसे होतात. फलकांवरचा उपदेश मात्र बहुतेक एकच: कामगारांनो, सावध राहा. हेल्मेट काखोटीला मारून फिरणाऱ्याला हा उपदेश ठीक आहे. पण कामाच्या काही जागा अशा आहेत, की तिथे कितीही सावध माणूस उतरला तरी त्याचं काही चालत नाही. धोका ओळखायला जे इंद्रिय लागतं तेच आपल्याकडे नाही.

बंद टाकी ही तशी जागा. गोव्यात तिला तोटा नाही. हॉटेलांचे सांडपाणी प्रकल्प, औषध कारखान्यांतली नायट्रोजन सोडलेली भांडी, मालीम किंवा कुटबण जेटीवरच्या ट्रॉलरांमधले मासळी साठवायचे खण. आणि मांडवी-जुवारीतल्या बार्जी, म्हणजे लोहखनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी. बार्जीच्या तळाला आणि कडेला बंद पोलादी कप्पे असतात, त्यांच्या जोरावर ती तरंगते. कप्प्याच्या तोंडाला झाकण असतं, माणूस जेमतेम आत सरकेल एवढं. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली बंद झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी बार्जी नदीकाठी नांगरून पडल्या. अशी पडून राहिलेली बार्ज दुरुस्तीला यार्डात आणायची म्हणजे आधी कोणीतरी त्या कप्प्यात उतरायचं.

आत काय असतं? काहीच नसतं. ना रसायन, ना वास. थोडं खारं पाणी आणि गंज. आणि हा गंजच सगळा घोटाळा करतो.

थोडा हिशेब करू. एक घनमीटर हवेत साधारण २७५ ग्रॅम ऑक्सिजन असतो. लोखंड गंजतं तेव्हा दर किलोमागे सुमारे ४३० ग्रॅम ऑक्सिजन बांधून घेतं. कप्पा ५० घनमीटरचा धरला, तर त्यातला निम्मा ऑक्सिजन संपायला सुमारे १६ किलो लोखंड गंजावं लागेल. हे फार वाटतं. पण भिंती, तळ आणि आतल्या आडव्याउभ्या पट्ट्या मिळून १०० चौरस मीटर उघडं पोलाद असेल, तर १६ किलो म्हणजे जाडीतून फक्त ०.०२ मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. खाऱ्या दमट जागी उघडं पोलाद वर्षाला ०.१ मिलिमीटर सहज झिजतं. म्हणजे अडीच महिन्यांत आतल्या हवेत २१ टक्क्यांऐवजी १०-११ टक्केच ऑक्सिजन उरला. ऑक्सिजन घटत जातो तसं गंजणंही मंदावतं आणि रंग शाबूत असेल तर वेळ आणखी लागतो, तेव्हा महिने मोजून भरवसा ठेवू नये. पण पावसाळाभर झाकण घट्ट बसवलेल्या कप्प्यात काय शिजलं असेल याचा अंदाज यावरून येतो.

गंमत अशी, की याच बार्जीतून जो माल जातो ते लोहखनिज, हेमेटाइट, म्हणजे मुळातच ऑक्सिजनशी बांधलेलं लोखंड. ते आणखी ऑक्सिजन खात नाही. खातं ते बार्जीचं स्वतःचं पोलाद.

आता माणूस आत उतरला. पुढचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

लोकांचा समज असा, की हवा कमी पडली तर जीव घाबरा होईल आणि माणूस शिडी गाठेल. श्वास रोखून बघा, छातीत जी कालवाकालव होते ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसते. ती साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. मेंदूच्या देठाशी बसलेला पहारेकरी रक्तातली आम्लता बघतो आणि ती या वायूने वाढते. ऑक्सिजन कमी झाल्याची नोंद मानेतल्या धमन्यांपाशी होते खरी, श्वासही थोडा वाढतो, पण गुदमरल्याची ती भावना त्यातून येत नाही. गंजलेल्या टाकीत माणूस उच्छ्वास नेहमीसारखा सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून भोंगा वाजतच नाही. उलट डोकं हलकं होतं, थोडी मजाच वाटते.

आणि आत दाबाचा खेळ सुरू होतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका. त्यात ऑक्सिजनचा वाटा साधारण १६०. ही हवा नाकातून जाताना ओली होते, वाफ ४७ मिलिमीटरची जागा अडवते, फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, आणि वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब उरतो १०० च्या आसपास. शरीरभर फिरून आलेल्या रक्तात तो असतो ४०. पाणी उताराकडे जावं तसा ऑक्सिजन १०० कडून ४० कडे जातो. फुप्फुसं तो ओढून घेत नाहीत, उतारच त्याला नेतो. आता हवेत ऑक्सिजन ४ टक्केच असेल तर? ७६० मधून ४७ वजा करा, उरलेल्याचे ४ टक्के काढा: २८. रक्तात ४०, फुप्फुसात २८. उतार उलटा झाला! रक्तातला होता तो ऑक्सिजन फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. प्रत्येक श्वास आता ऑक्सिजन देत नाही, काढून नेतो, आणि जितका जोराने श्वास घ्याल तितका लवकर. श्वास रोखलेला माणूस मिनिटभर शुद्धीत राहतो, पण अशा हवेत श्वास घेणारा पाऊण मिनिटाच्या आत कोसळतो. निव्वळ नायट्रोजनमध्ये तर दोन-चार श्वासांत.

१०-११ टक्क्यांना इतकं झटपट होत नाही. तिथे आधी अक्कल जाते. शिडी समोर असते, पण तिच्यावर चढावं हे सुचत नाही. सुचलं तरी पायांत बळ नसतं.

'आधी कंदील सोडून बघतात की,' असं कोणी म्हणेल. विहिरीसाठी आपल्याकडे ही जुनी रीत आहे आणि ती अगदीच वेडी नाही. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. पण कंदील जळतो म्हणून हवा चांगली, हे खोटं. साचलेल्या खाऱ्या पाण्यातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तो दहा लाख भागांत ५०० ते १००० भाग झाला तरी माणूस आडवा होतो, कंदील मात्र आरामात तेवत राहतो. सडक्या अंड्यांचा वास येईल म्हणाल, तर १०० भागांच्या आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं. आणि टाकीत रंगाच्या थिनरची वाफ किंवा मिथेन असेल, तर कंदील म्हणजे वातच.

एकापाठोपाठ तिघे गेले की गावात कुजबुज होते, देवचार (गावाचा राखणदार) कोपला, आसरांनी बळी घेतले. नारळ ठेवला जातो. तिघे का गेले याचं कारण साधं आहे: दुसरा पहिल्याला काढायला उतरला आणि तिसरा दुसऱ्याला. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९८६ साली सांगितलं होतं, की बंद जागांमध्ये मेलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला धावलेले होते. देवचाराला यात काही करावं लागत नाही. आणि नव्या जमान्याचा देवचारही नको. हेल्मेट ओळखणारे 'एआय' कॅमेरे हल्ली हौसेने बसवले जातात. त्यांना हेल्मेट दिसतं, ऑक्सिजन दिसत नाही.

म्हणून मला वाटतं, सुरक्षा हा एकट्या कामगाराच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून मांडणं शरीरशास्त्रालाच धरून नाही. टाकीत उतरणाऱ्याला धोका कळू शकत नाही, तेव्हा तो दुसऱ्या कोणाला तरी कळला पाहिजे, आणि त्या दुसऱ्याला काम थांबवायचा अधिकार पाहिजे. हवेतला ऑक्सिजन मोजायचा मीटर मालकाने द्यायचा. तो खरंच वापरला का हे कामगारांच्या प्रतिनिधीने बघायचं. दोघांत वाद झाला तर निर्णय सरकारी निरीक्षकाचा.

कायद्याने हे सगळं आधीच लिहून ठेवलं आहे. कारखाने कायदा, १९४८ चं ३६वं कलम टाकीत उतरण्यापूर्वी जाणकार माणसाचा लेखी दाखला मागत होतं, नाहीतर श्वसनयंत्र आणि पट्टा, ज्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हाती हवा होता. भोपाळनंतर १९८७ साली त्यात भर पडली: धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात सुरक्षा समिती, तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी. शिवाय जिवाला धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा कामगारांना हक्क. खाणींच्या नियमांत तर ५०० किंवा त्याहून जास्त माणसांच्या खाणीत कामगारांचेच निरीक्षक नेमायची तरतूद होती, तेही युनियनशी सल्लामसलत करून. आता असे १३ कायदे कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीच्या २०२० च्या संहितेत गोळा झाले, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, हे तिच्यातही आहे.

समित्यांनी काही फरक पडतो का? ब्रिटनमध्ये १९७७ च्या नियमांनी युनियनना सुरक्षा प्रतिनिधी नेमायचा हक्क मिळाला. तिथल्या कारखान्यांचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. ज्या संयुक्त समित्यांमधले कामगार प्रतिनिधी युनियनने नेमलेले होते, तिथे दुखापती कमी होत्या, आणि जिथे सगळं व्यवस्थापन एकटंच ठरवत होतं तिथे जास्त.

आपल्याकडे घोडं पेंड खातं ते पर्मिटच्या, म्हणजे टाकीत उतरायच्या परवानगीच्या कागदावर. मीटरची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून तीन आकडे लिहायचे असतात. पुष्कळदा तिन्ही चौकटींत २०.९ लिहिलेलं असतं, एकाच पेनाने, एकाच दमात, कारण मीटर झाकणाशीच धरलेला असतो. मुकादम म्हणतो, 'कालच उतरलो होतो रे, काय होत नाही.' काल ब्लोअर, म्हणजे ताजी हवा आत ढकलणारा पंखा, चालू होता हे तो सांगत नाही. कोणी तर वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडायचा शहाणपणा करतो. ऑक्सिजन २३-२४ टक्क्यांवर गेला की तेलकट कपडे ठिणगीने भडकतात.

आणि मीटरचंही वय होतं. सर्रास वापरला जाणारा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे शिशाचा एक छोटा विद्युतघट. आत आलेला ऑक्सिजन शिशाशी जोडला जातो, त्यातून वीज निघते, ती मोजायची. म्हणजे टाकीत लोखंड जे करतं तेच सेन्सरमध्ये शिसं करतं! शिसं संपलं की सेन्सर मेला, वापरला असो वा नसो. साधारण दोन वर्षं चालतो. म्हणून समितीने हेल्मेटांची मोजदाद करण्याआधी सेन्सर बदलल्याची तारीख विचारावी. टाक्या धुवायला येतो तो मात्र बहुधा ठेकेदाराचा माणूस, झारखंडचा, ओडिशाचा नाहीतर कर्नाटकातला. त्याच्या ठेकेदाराचा मीटर पुष्कळदा कंपनीच्या यादीत नसतो, आणि तो स्वतः युनियनच्याही यादीत नसतो. समितीत त्याच्या बाजूने ती तारीख कोणी विचारायची, हे अजून ठरलेलं नाही.